वाचकांचे प्रश्न : मधल्या सुट्टीत तो डबा कुणाबरोबर खातो?

पहिलं सत्र संपत आलं की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. जूनमधे ॲडमिशन, क्लास, सेमी की मराठी असं सगळं असतं आणि दिवाळीच्या आसपास ‘बोलतच नाही हो’, ‘शाळेत जायचं नाही म्हणते’ अशी पत्रं सुरू होतात. या वेळी हायस्कूलच्या मुलांबद्दलची चार पत्रं घेतलीयेत, नावं अर्थातच काढलीयेत.

प्रश्न : मॅडम, मुलगा नववीत आहे. आठवीपर्यंत अ तुकडीत होता, यंदा मार्कांवरून तुकड्या पाडल्या त्यात तो क मधे गेला. जुलैपासून रोज सकाळी पोट दुखतं, उलटीसारखं होतं म्हणतो. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. अकरा वाजले की एकदम बरा, जेवतो, मोबाईल बघतो. त्याचे बाबा म्हणतात नाटकं आहेत, दोन ठेवून दिल्या की पोट थांबेल. मी काय करू? – एक आई, नाशिक

ताई, आधी त्याच्या बाबांना सांगा की पोट खरंच दुखतंय. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं असं नसतं. भीती वाटली की पोटावर परिणाम होतोच, इंटरव्ह्यूच्या दिवशी मोठ्या माणसांनाही चार वेळा बाथरूम गाठावं लागतं, आणि अकरा वाजता तो बरा होतो कारण तोपर्यंत शाळा भरलेली असते, आज आता जायचं नाही हे शरीराला कळलेलं असतं. मारून हे जात नाही, उलट पोट दुखतंय हे सांगायचंही बंद होईल आणि मग तुम्हाला काहीच कळणार नाही.

एक कॅलेंडर घ्या आणि कुठल्या दिवशी जास्त दुखतं ते फक्त लिहीत जा. आमच्याकडे एका मुलाचं मंगळवार आणि शुक्रवारीच दुखायचं, टाइमटेबल शेजारी ठेवलं तर दोन्ही दिवशी पीटीचा तास, आणि पीटीच्या आधी वर्गात कपडे बदलताना दोघं जण त्याच्या जाडीवरून त्याला काय काय बोलायचे. हे त्याने आपणहून कधीच सांगितलं नसतं.

‘शाळेत काय झालं’ असं विचारू नका, ‘काही नाही’ हेच उत्तर येणार. ‘मधल्या सुट्टीत डबा कुठे खातोस, कोण असतं बरोबर?’ असं विचारा आणि तेही समोर बसवून नको, स्कूटरवर मागे बसला असताना किंवा भाजी निवडताना. तुकडी बदलली म्हणजे त्याचे डब्याचे मित्र गेले असणार, मला सगळ्यात जास्त शंका याचीच आहे. चौदा वर्षांच्या मुलासाठी एकट्याने डबा खाणं ही फार मोठी गोष्ट असते, सगळ्या शाळेसमोर रोज वीस मिनिटं उघडं पडल्यासारखं वाटतं.

शाळा मात्र बुडू देऊ नका. घरी राहिलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी जाणं आणखी जड होतं, असं करत करत महिना जातो. घरी राहिलाच तर शाळेच्या वेळात मोबाईल, टीव्ही नाही एवढा नियम ठेवा, शिक्षा म्हणून नाही, घर शाळेपेक्षा जास्त गोड होऊ नये म्हणून. आणि त्याला सांगूनच क्लासटीचरना भेटा, त्याच्या मागून नको. काहीतरी नेमकं मागा, म्हणजे मधली सुट्टी जुन्या मित्रांबरोबर घालवायची परवानगी, फारच घाबरला तर ज्यांच्याकडे जाऊन पाच मिनिटं बसता येईल असे एक सर किंवा मॅडम, आणि सुरुवातीचा आठवडा दुसऱ्या तासाला आला तरी चालेल अशी सूट.

झोपेचंही बघा. या वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि रात्री नऊपर्यंत क्लास, मग होमवर्क, मग मोबाईल, सकाळी सातची शाळा असं असेल तर पोटच काय, डोकंही दुखेल.

आणि तुकड्यांबद्दल मला राग आहे तो इथे लिहितेच. मार्कांवरून ‘हुशार’ आणि ‘ढ’ वर्ग पाडायचे आणि मग मुलांना आत्मविश्वास नाही म्हणून व्याख्यानं ठेवायची हे बंद झालं पाहिजे. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मधे विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या त्यात कोचिंग क्लासना आणि इतर शिक्षणसंस्थांनाही सांगितलंय की मार्कांवरून मुलांच्या बॅचेस वेगळ्या करणं आणि चारचौघांत त्यांना लाज आणणं शक्यतो टाळा. शिक्षक-पालक संघाच्या मीटिंगमधे हा मुद्दा मांडा, तुम्ही एकट्या नसाल, क मधल्या सगळ्यांच्या आया असतील.

दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक नाही, वजन उतरतंय, झोप गेलीये, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, सिव्हिल हॉस्पिटलमधेही ओपीडी असते. आणि मरणाबद्दल एक शब्द जरी बोलला तर आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी न्या.

प्रश्न : मी दहावीत आहे. माझी बेस्ट फ्रेंड रात्री मेसेज करते की मला जगायचंच नाही, सगळे माझ्याशिवाय खुश राहतील. सकाळी शाळेत नॉर्मल हसते. तिने मला आईची शप्पथ घातलीये की कुणाला सांगायचं नाही. मी रात्री झोपत नाही, तिचा लास्ट सीन बघत बसते. काही झालं तर माझ्यामुळे होईल का? – पुणे

बाळा, आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, तुझ्यामुळे काहीही होणार नाही. तू तिच्यासाठी रात्र रात्र जागतेयस, तिच्या आयुष्यात असं कुणीतरी आहे ही तिच्यासाठी खूप मोठी गोष्ट आहे, पण हे ओझं पंधरा वर्षांच्या एका मुलीने एकटीने उचलायचं नाहीये.

शप्पथ मोड. आजच मोड. शप्पथ मोडल्याने आईला काही होत नाही, आणि जी गोष्ट लपवली तर जिवावर बेतू शकते ती गुपित म्हणून ठेवायचीच नसते. ती चिडेल, कदाचित काही दिवस बोलणार नाही, तरी चालेल. ती जिवंत राहून तुझ्यावर चिडलेली असणं आपल्याला हवंय.

तिला असं म्हण : ‘मला तुझी खूप काळजी वाटते, हे मी एकटीने सांभाळू शकत नाही, म्हणून मी आपल्या अमुक मॅडमना सांगणार आहे, तू पण चल माझ्याबरोबर.’ नाही आली तर तू जा. मेसेज डिलीट करू नकोस, दाखव. मॅडमनी ‘अगं या वयात असं होतंच’ म्हणून उडवून लावलं तर तिथे थांबू नकोस, दुसऱ्या मोठ्या माणसाकडे जा, तुझी आई, तिची मावशी, मुख्याध्यापक, कुणीतरी गंभीरपणे ऐकेपर्यंत सांगत राहा.

आणि रात्रीच ती म्हणाली की आज काहीतरी करणार आहे, तर सकाळची वाट बघायची नाही. आईबाबांना झोपेतून उठव, त्यांना तिच्या घरी फोन लावायला सांग, ११२ आहेच. तिला बोलतं ठेव, पण फोन लावायचं काम मोठ्यांचं. एरवी तुम्हा दोघींना कधीही बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आणि मुलांसाठी १०९८. तूही कर हं तिथे फोन, फक्त तिच्यासाठी नाही, तुझी झोप गेलीये म्हणून.

हे वाचणाऱ्या मोठ्यांसाठीही थोडं लिहायला हवं. ‘जीव द्यायचे विचार येतात का तुझ्या मनात?’ हे सरळ विचारायला लोक घाबरतात, वाटतं की विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल. असं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल मोकळं होतं. विचारल्यावर प्रवचन देऊ नका, ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं’ हे तर अजिबात नको, फोन काढून घेऊ नका कारण तिची एकमेव मैत्रीण त्याच फोनमधे आहे. तिला एकटं ठेवू नका, घरातली औषधं, शेतावरची फवारणीची औषधं कुलपात जाऊ द्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पोलिसांच्या भीतीने काही घरं दवाखान्यातच जात नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की जीव द्यायचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरलं जातं, आणि तिच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकलीये. तेव्हा लपवू नका.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका हायस्कूलवर शिक्षक आहे. वर्गात ६८ मुलं. काउन्सेलर वगैरे शब्द पेपरात वाचतो. दिवाळीनंतर निम्म्यांचे आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर जातात, मुलं आजीकडे नाही तर एकटी. आम्हाला ऑनलाइन माहित्या, सर्व्हे, निवडणुकीची कामं, त्यात पोर्शन. मुलांच्या मनाचं कधी बघायचं? – एक शिक्षक

सर, तुमचा त्रागा शंभर टक्के बरोबर आहे. वर ज्या कोर्टाच्या सूचना लिहिल्या त्यातच असंही आहे की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर हवा, त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं, आणि स्टाफला वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. तुमच्या संस्थेकडे, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागा, तोंडी नको, अर्जाची पोच घ्या.

पण अर्ज फिरेपर्यंत मुलं दहावी होऊन जातील. म्हणून एक काम सांगते ज्याला पैसे लागत नाहीत. एखाद्या शनिवारी शाळा सुटल्यावर नववी-दहावीच्या हजेरीपटाची झेरॉक्स स्टाफरूममधे टेबलावर ठेवा, आणि सगळ्यांनी, शिपाईमामा, खिचडी शिजवणाऱ्या ताई, लॅबवाले, सगळ्यांनी, ज्या मुलाबद्दल मार्क आणि मस्ती सोडून काहीतरी माहीत असेल त्याच्या नावापुढे ते लिहायचं. आम्ही हे केलं तेव्हा हुशार मुलांपुढे आणि व्रात्य मुलांपुढे ओळीच्या ओळी भरल्या, आणि मधल्या बाकांवरची, पंचावन्न टक्केवाली, कुणाच्या अध्यात न मध्यात अशी मुलं कोरी राहिली. त्यातल्या एका मुलीबद्दल फक्त शिपाईमावशींना माहीत होतं की ती पहाटे उठून आईबरोबर गजऱ्यांची ऑर्डर पुरी करून शाळेत येते. पहिल्या तासाला पेंगते म्हणून ती रोज उभी राहायची.

कोरी नावं स्टाफने वाटून घ्यायची, एकेकाला चार-पाच येतात. त्या मुलांना हे सांगायचं नाही, केबिनमधे बोलवायचं नाही, फक्त जाता-येता नावाने हाक मारून एक वाक्य. ‘आजीचा गुडघा बरा आहे का रे?’ एवढंच. तुमच्या वर्गात तर याची किंमत फारच मोठी आहे, कारण आईबाप फडात असताना जे पोर सकाळी स्वतः भाकरी थापून, धाकट्याला शाळेत सोडून उशिरा येतं त्याला गेटवर छड्या बसल्या तर ते हळूहळू यायचंच बंद होतं, आणि मुलगी असेल तर तिचं लग्न ठरल्याचं तुम्हाला थेट पत्रिका आल्यावर कळतं. उशिरा येणाऱ्याला आधी ‘जेवलास का’ विचारा. आईबापाचा फोन नंबर दिवाळीआधीच वहीत घ्या आणि महिन्यातून एकदा वर्गातूनच फोन लावून मुलाला बोलू द्या, अभ्यासाची तक्रार न करता.

काउन्सेलर बनू नका, ते तुमचं काम नाही. लक्ष ठेवायचं, ऐकायचं आणि पुढे पोचवायचं. मूल काही सांगायला लागलं तर ‘वर्गात कुणाला सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मोठ्यांना सांगावं लागेल’ हे आधीच बोलून टाका, आणि ऐकलेलं स्टाफरूमच्या चहात येऊ देऊ नका, मुलांना ते कळतं आणि मग कुणीच बोलत नाही. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, ती कागदावर आहे की भेटते ते बघा. १४४१६ चा कागद वर्गाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.

प्रश्न : यंदा गॅदरिंगची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमच्या शाळेत दहावीचे विद्यार्थी फिशपॉंड करतात, जुनी परंपरा आहे. मागच्या वर्षी एक मुलगी रडत घरी गेली. बंद करावं का? मुलं म्हणतात मजाच जाईल. – एक शिक्षिका, सातारा

बंद करा, माझं मत स्पष्ट आहे. शेलापागोटे म्हणा की फिशपॉंड, माईकवरून, नाव न लिहिता, रंगावर, उंचीवर, ‘जोडी’वर चारशे लोकांसमोर बोललेलं वाक्य ते मूल पुढे कितीतरी वर्षं घेऊन फिरतं आणि हसणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. चिठ्ठ्या आधी वाचून गाळू हाही उपाय नाही, कारण शिक्षकांना निरागस वाटणाऱ्या वाक्यात वर्गाला कळणारा टोमणा असतो.

पण नुसतं बंद केलंत तर मुलं चिडतील, आणि त्यांचंही बरोबर आहे, शेवटचं वर्ष असतं, एकमेकांबद्दल काहीतरी बोलायचं असतं. तेव्हा त्यांनाच विचारा की याऐवजी काय करायचं. एका शाळेत दहावीची मुलं प्रत्येकाबद्दल खरी घडलेली एकेक आठवण सांगतात, सहीनिशी. त्यात धमाल येते आणि नाव असल्यामुळे कुणी वाकडं लिहीत नाही.

आणि हातात गॅदरिंग आहेच तर नाचाच्या निवडीकडेही बघा ना. दरवर्षी तीच वीस-पंचवीस मुलं स्टेजवर असतात. पडदा ओढणारे, साउंडवाल्याबरोबर वायरी धरणारे, रांगोळी काढणारे, नाश्त्याचा हिशोब ठेवणारे यांची नावं माईकवरून घ्या, कार्यक्रमपत्रिकेत छापा, आणि ही कामं वाटताना नववी-दहावीचा हजेरीपट घेऊन बसा, वर्षभरात ज्यांचं नाव एकदाही कुठे आलेलं नाही त्यांच्यापासून सुरुवात करा.