वडील गेल्यानंतर जमा झालेली पेन्शन सरकार परत मागतंय, सगळी भरावी लागेल का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला: वडील राज्य शासनाचे पेन्शनर, मार्चमध्ये वारले. त्यानंतरही चार महिने पेन्शन खात्यावर पडत राहिली. आईने एटीएममधून काढून औषधांच्या दुकानाची उधारी भागवली. आता ‘जादा अदा झालेली रक्कम 15 दिवसांत भरा’ असं पत्र आलंय. भावंडांनी पदरचे भरायचे का, घरावर जप्ती येईल का, आणि आईवर केस होईल का, हे तुम्ही विचारलंय.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण पत्र आल्यापासून आईला झोप नसेल. फसवणुकीचा गुन्हा व्हायला फसवण्याचा हेतू असावा लागतो. वारलेल्या माणसाच्या नावाने हयातीचा दाखला दिला, खोटी सही केली, तर गोष्ट वेगळी. नवरा गेल्यावर भांबावलेल्या बाईने खात्यात आलेले पैसे घरखर्चाला काढले आणि पत्र आल्यावर हिशेब करून परत केले, तर तो वसुलीचा विषय राहतो. हे त्यांना आजच समोर बसवून सांगा.

आमच्या घरी हेच झालं म्हणून एवढं खात्रीने लिहितोय. वडील 58 व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि 74 व्या वर्षी 11 सप्टेंबरला गेले. सोलापूर महापालिकेत मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या मुदतीत केली, दाखल्याच्या दहा प्रती घेतल्या. नोंद झाली म्हणजे पेन्शन आपोआप थांबणार, असं आम्ही धरून चाललो. तसं होत नाही. महापालिकेच्या वहीत माणूस गेला तरी पेन्शन देणाऱ्या कार्यालयाच्या यादीत तो हयातच असतो. दाखल्याची प्रत आणि एक साधा अर्ज बँकेच्या शाखेत, तसाच दुसरा कोषागारात, पोच घेऊन द्यावा लागतो. आम्ही तो दिला नाही. नोव्हेंबरात हयातीच्या यादीवर सही झाली नाही, तेव्हा कुठे पेन्शन थांबली. तोवर 1 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर आणि 1 डिसेंबरला प्रत्येकी 18,600 रुपये जमा झाले होते.

पत्र आलं ते जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात. आमच्या गल्लीतल्या बाया नंदीध्वजाच्या काठ्या बघायला निघाल्या होत्या. आई दर वर्षी जाते. त्या दिवशी ती उंबऱ्यात पत्र हातात धरून बसली होती आणि एकच वाक्य म्हणत होती, “लोक म्हणतील की रे, मेलेल्या माणसाचा पगार खाल्ला.” पत्रात तीन महिन्यांचे मिळून 55,800 रुपये भरा असं होतं. खाली सही, शिक्का. हिशेब कुठेच नव्हता.

मी दुसऱ्याच दिवशी पैसे उसने घेऊन भरायला निघालो होतो. शेजारचे काका पूर्वी सरकारी कार्यालयात लेखाशाखेत होते. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, “पेन्शन कुठल्या महिन्याची कधी येते, ते आधी बघ की.” मग त्यांच्या ओट्यावर बसून पासबुक आणि पेन्सिल घेऊन त्यांनी जे मांडलं ते तुम्हालाही लागू पडेल, म्हणून आकड्यांसकट देतो.

पेन्शन महिना संपल्यावर मिळते. 1 ऑक्टोबरला आलेले पैसे सप्टेंबरचे. वडील 11 सप्टेंबरपर्यंत हयात होते आणि मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन त्यांच्या हक्काची असते. म्हणजे 18,600 भागिले 30, रोजचे 620. अकरा दिवसांचे 6,820 रुपये वडिलांचेच. ते जादा नव्हतेच. पत्रातून तेवढे पहिल्या रेघेलाच वजा. राहिले 48,980.

आता दुसरी बाजू. मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होतं. ती कुणाची मेहेरबानी नाही, नियमात लिहिलेला हक्क आहे, आणि अर्ज उशिरा केला म्हणून तो उशिरापासून मोजत नाहीत. निवृत्तीनंतर काही वर्षांच्या आत मृत्यू झाला तर ठरावीक मुदतीपर्यंत वाढीव दर मिळतो. आमच्या वडिलांचं वय त्यापुढे गेलेलं, म्हणून साधा दर लागला, तो महिना 11,160 होता. 12 ते 30 सप्टेंबर हे 19 दिवस, रोज 372 प्रमाणे 7,068. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे 22,320. एकूण 29,388 रुपये सरकारच आईला देणं लागत होतं. 48,980 मधून ते वळते केले की उरतात 19,592.

पत्रातला आकडा 55,800 आणि खरं देणं 19,592. मधला फरक बघून मी पेन्सिल खाली ठेवली आणि आईला हाक मारली.

तुमच्या वडिलांची तारीख, दर आणि महिने वेगळे असतील, पण रीत हीच. मार्चमधल्या त्यांच्या दिवसांचे पैसे आधी बाजूला काढा. मग आईचं कुटुंब निवृत्तिवेतन त्याच महिन्यांसाठी मोजा. ते अजून सुरू केलं नसेल तर वसुलीच्या पत्राचं उत्तर आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज एकाच दिवशी, एकाच टेबलावर द्या. वेगवेगळे दिलेत तर एक फाइल दुसऱ्या फाइलीला ओळखत नाही. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, आईचं आधार, पॅन, फोटो आणि तिच्या खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान लागतं. पीपीओवर आईचं नाव आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा दर लिहिलेला आहे का, हे आजच तपासा. असेल तर काम कोषागाराच्या पातळीवर होतं. नाव नसेल किंवा आधारवरचं नाव वेगळं असेल तर प्रकरण मुंबईला महालेखापाल कार्यालयात जातं आणि वेळ लागतो. आमच्याकडे पीपीओवर आईचं नाव होतं, पण आधारवर ‘बाई’ जोडलेलं होतं. तेवढ्यासाठी दोन खेटे आणि एक प्रतिज्ञापत्र झालं.

उत्तराच्या अर्जात तीन गोष्टी मी स्वच्छ लिहिल्या होत्या. रकमेचा महिनावार तपशील द्यावा. मृत्यूच्या दिनांकापर्यंतची पेन्शन वगळावी. उरलेली रक्कम कुटुंब निवृत्तिवेतनाच्या थकबाकीतून समायोजित करून बाकी हप्त्यांनी घ्यावी. ‘समायोजित’ (म्हणजे वळती) हा शब्द वापराच, तिथे तोच चालतो. आम्हाला 2,000 चे हप्ते मिळाले, दहाव्या हप्त्यात सगळं फिटलं, आणि डिसेंबरपासूनची थकबाकी आईच्या हातात आली. तपशील देत नाहीत असं वाटलं तर माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून हिशेबाची प्रत मागा, 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. आम्हाला ती वेळ आली नाही. मागच्या बाकावर बसलेल्या एका ताईंनी आमचा अर्ज वाचून तिथल्या तिथे हिशेब दुरुस्त केला. हे मुद्दाम सांगतोय. भांडायच्या तयारीने जाऊ नका, मांडणी बरोबर असली की समोरच्यालाही सोपं जातं.

आता घर आणि भावंडांचा प्रश्न. इथे लोक दोन वेगळी देणी एकत्र करतात.

पहिलं देणं म्हणजे माणूस गेल्यावर चुकून जमा झालेले पैसे. ते वडिलांचे कधीच नव्हते, त्यामुळे वारसाहक्काने कुणाचे होत नाहीत. ज्याने काढले आणि वापरले त्याने परत करायचे. पुण्यातला भाऊ आणि लग्न होऊन गेलेली बहीण यांनी त्या खात्याला हातही लावला नसेल, तर त्यांच्याकडे मागण्याचं कारण नाही. पैसे खात्यातच पडून असतील तर बँक ते थेट परत पाठवते, तुम्हाला काही करावं लागत नाही. म्हणून ज्यांच्या घरी अजून पत्र आलेलं नाही त्यांनी त्या खात्याला हात लावू नये, एटीएम कार्ड कपाटात ठेवावं.

दुसरं देणं वडिलांच्या हयातीतलं असतं. समजा पगारनिश्चितीत चूक होऊन त्यांना वर्षानुवर्षं जास्त पेन्शन मिळाली आणि ती चूक ते गेल्यावर सापडली. हे त्यांचं कर्ज धरलं तरी वारसाची जबाबदारी त्यांच्याकडून आपल्याकडे आलेल्या मालमत्तेपुरतीच असते, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 50 मध्ये हेच तत्त्व आहे. तुमच्या स्वतःच्या पगारातून त्यांचं देणं फेडायला कुणी भाग पाडू शकत नाही. शिवाय अशा जुन्या चुकांच्या वसुलीवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये, पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात, मर्यादा घातल्या आहेत. अशी वसुली यांच्याबाबतीत करता येत नाही: वर्ग 3 आणि 4 चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि पाच वर्षांहून जास्त काळ चुकून दिलेली रक्कम. पत्रात ‘वेतननिश्चितीतील तफावत’ असे शब्द दिसले तर पैसे भरण्याआधी वकिलाला दाखवा. पण मृत्यूनंतर जमा झालेल्या महिन्यांसाठी या निकालाचा आधार घेऊ नका. तिथे तो चालत नाही, आणि तुमची बाकीची खरी बाजूही त्यामुळे कमकुवत होते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं प्रकरण पहिल्या प्रकारातलं आहे. चार महिन्यांच्या रकमेसाठी घरावर जप्ती हा लांबचा विचार आहे. पत्राला उत्तरच दिलं नाही, वर्षानुवर्षं टाळलं, तर कटकट वाढते. 15 दिवसांची मुदत उत्तर देण्यासाठी वापरा, पोच घ्या.

पैसे भरायची वेळ आली तर चलनानेच भरा. राज्य शासनाचं चलन ‘ग्रास’ या ऑनलाइन प्रणालीवर निघतं, लेखाशीर्ष (पैसे सरकारच्या कुठल्या हिशेबात जमा व्हायचे तो क्रमांक) कार्यालयाकडून लिहून घ्या आणि चलनाची प्रत कार्यालयात देऊन ‘वसुली पूर्ण’ असं पत्र मागा. फोनवर कुणी ‘पेन्शन वसुली विभागातून बोलतोय’ म्हणत यूपीआयवर पैसे किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर तक्रार करा. वडिलांच्या निधनाची बातमी पेपरात दिल्यानंतर महिनाभराने आम्हाला असा एक फोन आला होता, आणि त्याला आईचं नाव माहीत होतं.

सोलापुरातल्या इतर वाचकांसाठी एक जोड, कारण आपल्याकडे सगळेच सरकारी पेन्शनर नसतात. बंद पडलेल्या गिरण्यांचे कामगार आणि विडी कामगार बाया यांची पेन्शन भविष्य निर्वाह निधीची असते. तिथेही सदस्य गेला की जोडीदाराला पेन्शन लागते, त्यासाठी 10-डी नमुन्यात अर्ज करायचा. किमान पेन्शन 1,000 रुपये आहे. रक्कम लहान म्हणून कित्येक घरं अर्जच करत नाहीत आणि वसुली मात्र भरून मोकळी होतात. माझ्या मावशीचं तेच झालं होतं, दोन वर्षांनी अर्ज केला तेव्हा मागची सगळी थकबाकी एकदम मिळाली. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचं काम मात्र तहसीलमधून चालतं. ते अनुदान लाभार्थ्यासोबत थांबतं, पत्नीकडे जात नाही. तिला हवं असेल तर स्वतःच्या पात्रतेवर नवा अर्ज करावा लागतो.

तुमच्या पत्रात महिनावार आकडे दिले असतील तर मृत्यूची तारीख, मासिक पेन्शन आणि पीपीओवरचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा दर एवढंच खाली लिहा. खाते क्रमांक, पीपीओ क्रमांक, नावं लिहू नका. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, तुमचा हिशेब मांडून देईन, म्हणजे सोमवारी अर्ज घेऊन जाता येईल.