लग्नाला चार वर्षं झालेली बहीण सासरी विहिरीत पडून गेली. सासरचे अपघात म्हणतात. हुंडाबळीचा गुन्हा दाखल होतो का?

होतो. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-ब, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८०. पण आधी सांगा, तुमच्या घरच्यांचे जबाब झाले का?

माझी ताई २००६ साली गेली. केज तालुक्यात दिली होती. सासऱ्याला शेतात बोर पाडायचं होतं, त्याचे पन्नास हजार तिनं माहेरातून आणायचे. दोनदा पाठीवर वळ घेऊन ती घरी आली. दोन्ही वेळा आमच्या चुलत्यांनी, आण्णांनी, जीप करून परत नेऊन घातली. "भांड्याला भांडं लागतंच. दिल्या घरी नांदावं लागतं." तिसऱ्यांदा निरोप आला तो सरकारी दवाखान्यातून.

नायब तहसीलदार मृत्युपूर्व जबाब घ्यायला आले, तेव्हा नणंद दहा महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन वॉर्डाच्या दारात उभी होती. ताईनं सांगितलं, चहा करताना स्टोव्हचा भडका उडाला. पहाटे मी एकटाच जवळ होतो, तेव्हा म्हणाली, "रॉकेल ह्यांनीच टाकलं. लेकराला आपल्याकडं आण." दुपारी गेली.

असं तोंडी सांगितलेलंही पुराव्यात चालतं, हे मला वकिलांनी फार उशिरा सांगितलं. मी ठाण्यात गेलो तो तेराव्यानंतर. आण्णांनी ओसरीवर बैठक बसवली होती: लेकरू त्यांच्या घरात आहे, केस केली तर तोंड दिसायचं नाही. कोर्टात मला विचारलं, इतके दिवस कुठं होता? सगळे सुटले. लेकराचं तोंड तसंही दिसलं नाही.

म्हणून आजच जा. तुमच्या बहिणीनं पैशाचं कोणाकोणाला सांगितलं, मेसेज, पैसे पाठवल्याचे पुरावे, सगळं पहिल्याच जबाबात येऊ द्या. मरणाच्या आधीच्या जवळच्या काळात हुंड्यासाठी छळ झाला हे दाखवलं, तरच कोर्ट हुंडाबळी गृहीत धरतं. ठाण्यात घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या. विहिरीवर पाय घसरतोही, मान्य आहे. पण ते शवविच्छेदन आणि तपास ठरवेल, सासरचे नाही. आणि मिटवायला आलेल्या माणसाला ओसरीवर टेकू देऊ नका, सख्खा चुलता असला तरी.

आण्णा अजून म्हणतात, लेक ठेवून घेतली असती तर गावानं नावं ठेवली असती. आमचं आठ एकर रान होतं. घरात चार खोल्या होत्या, त्यातली एक तर नुसती कडब्यानं भरलेली असायची.