कोकणात राहून ई-रीडर घेण्यात अर्थ आहे का?

गुहागरला राहता, मराठी जास्त आणि इंग्रजी थोडं वाचता, म्हणून विचारताय. तुम्ही काय वाचता, त्यावर सगळं आहे.

इंग्रजी वाचन वाढवायचं असेल तर खुशाल घ्या. मराठीचं मात्र जरा त्रांगडं आहे. ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर मराठी पुस्तकं 2016 पासून मिळतात, ई साहित्य प्रतिष्ठानची तर फुकट आहेत. पण हवं ते जुनं पुस्तक बहुधा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येच सापडतं. सहा इंची पडद्यावर ती अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि मोठी करायला गेलं की ओळ पडद्याबाहेर जाते. तेव्हा आधी आपल्या आवडीची दहा नावं ई-बुक म्हणून मिळतात का, ते शोधा. निम्मीही नसतील तर पैसे वाचवा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र यंत्राला तोड नाही. कागदाला बुरशी धरते, कसर लागते, वाळवीचं तर बोलायलाच नको. त्यात लाईट कधी जाईल नेम नाही. ई-रीडरच्या कागदासारख्या पडद्याला, म्हणजे ई-इंकला, वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना, त्यामुळे एकदा चार्ज केलं की आठवडे निघतात. पडवीत भर उन्हातही स्वच्छ दिसतं, मोबाईलसारखं डोळे बारीक करावे लागत नाहीत.

वॉटरप्रूफ म्हणतात ते मुख्यतः गोड्या पाण्यासाठी, समुद्रावर नेताना जपा.

बाकी, रत्नागिरीला येणंजाणं असेल तर तिथलं नगर वाचनालय 1828 पासूनचं आहे. निव्वळ मराठीच वाचायचं तर आधी तिथली वर्गणी भरा.