टॅन : कमावलेला की रापलेला?

बूट, पट्टे, पाकिटं यांच्या ज्या रंगाला 'टॅन' म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावं, आणि उन्हानं त्वचा काळवंडते त्यालाही टॅनच का म्हणतात, असा दुहेरी प्रश्न आहे.

शब्द एकच. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'टॅनम' म्हणजे ओकची कुटलेली साल. त्या सालीच्या पाण्यात कातडं मुरवलं की ते कुजत नाही. म्हणून त्या क्रियेला टॅन करणं, सालीतल्या तुरट द्रव्याला टॅनिन आणि कातड्यावर चढणाऱ्या रंगाला टॅन ही नावं पडली. उन्हानं बदललेली त्वचा हा अर्थ त्यावरूनच आला.

मराठीत मात्र कातडं 'कमावतात' आणि चेहरा 'रापतो'. त्यामुळे सनटॅनला 'राप' चपखल बसतो. बुटांना 'रापलेले' म्हटलं तर ते उन्हात पडून खराब झालेत असं वाटेल. 'तपकिरी'ही पुरेसा नाही. तपकिरीच्या पुडीवरून आलेला हा शब्द आता चॉकलेटीपर्यंतच्या सगळ्या छटा पोटात घेतो. बोलताना सरळ 'टॅन' म्हणावं, फोड करायची तर 'पिवळसर तपकिरी'. 'चर्मवर्ण' वगैरे घडवलेले शब्द कुणी वापरणार नाही.

मुळात ही एक छटा नव्हेच. चुन्यात घालून केस काढलेलं कातडं आधी सालीच्या सौम्य पाण्यात, मग टप्प्याटप्प्यानं कडक पाण्यात ठेवतात; जुन्या पद्धतीत याला महिने लागत. सुरुवातीलाच कडक पाणी दिलं तर वरचा थर आवळतो आणि गाभा कच्चा राहतो. हिरड्यानं रंग फिकट पिवळसर येतो, बाभळीच्या सालीनं तांबूस व गडद. पुढे उजेडानं आणि तेलानं तो आणखी गडद होतो.

क्रोमनं, म्हणजे सालीऐवजी क्रोमियम धातूच्या क्षारांनी, कमावलेलं कातडं ओलं असताना फिकट निळं दिसतं. त्याला टॅन रंग वरून द्यावा लागतो, म्हणजे त्या टॅनला साल शिवलेलीही नसते! कापलेल्या कडेला आत राखाडी-निळसर झाक दिसली तर बहुधा क्रोमच. पण आरपार रंगवलेलं असेल तर ही खूण चालत नाही.

वेबपानांच्या रंगयादीतला 'टॅन' (लाल २१०, हिरवा १८०, निळा १४०) तर चक्क वाळूसारखा आहे. बुटांचा टॅन त्याच यादीतल्या 'सॅडल ब्राउन'कडे (१३९, ६९, १९) झुकतो. तेव्हा छापखान्याला किंवा रंगाऱ्याला नुसतं 'टॅन' सांगू नये, नमुना द्यावा.

सालीनं कमावलेलं कातडं ओलं असताना लोखंडी खिळ्याला किंवा बकलाला टेकलं तर निळसर काळा डाग पडतो. टॅनिन आणि लोह एकत्र आलं की शाईच तयार होते. हा डाग पॉलिशनं जात नाही.