काळ्या चष्म्यातला जनरल

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही सोलापूरचे. १९३० च्या मार्शल लॉच्या गोष्टी घरात लहानपणापासून ऐकतोय, चार हुतात्मा चौकातून रोजचं जाणं-येणं, आणि विडी कामगारांच्या मोर्चातला लाल बावटा पण कायम बघितलेला. परवा मित्र म्हणाला की पोलंडमध्ये कम्युनिस्ट सरकारनेच कामगारांवर मार्शल लॉ लावला होता, तो पण मंत्री असलेल्या एका जनरलने. खरंय का हे? लष्करातला माणूस मंत्री कसा काय होतो? आणि त्याला पुढे शिक्षा झाली का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : मित्र बरोबर सांगतोय. त्या जनरलचं नाव वोइचेख यारुझेल्स्की.

आधी मंत्रिपदाचं बघू. आपल्याकडे संरक्षणमंत्री म्हणजे पुढारी आणि जनरल त्याच्या हाताखाली, पण कम्युनिस्ट देशांत त्या खुर्चीत बहुतेक वेळा गणवेशातलाच माणूस असायचा, फक्त तो पार्टीच्या भरवशाचा असावा लागायचा. हा तसाच वर चढला. १९५६ मध्ये जनरल, १९६० ला सैन्याच्या राजकीय विभागाचा प्रमुख (खरी शिडी हीच), १९६५ ला चीफ ऑफ स्टाफ, १९६८ ला संरक्षणमंत्री. म्हणजे मार्शल लॉच्या आधी तेरा वर्षं तो मंत्रीच होता, आणि ती वर्षं काही स्वच्छ नव्हती. १९६८ मध्येच सोव्हिएत फौजांबरोबर पोलिश फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या, आणि डिसेंबर १९७० मध्ये भाववाढीविरुद्ध उठलेल्या गोदी कामगारांवर लष्कराने गोळ्या झाडल्या, चाळीसच्या वर माणसं गेली.

गंमत म्हणजे माणूस जमीनदारी घराण्यातला, कॅथलिक शाळेत शिकलेला. १९४१ मध्ये सोव्हिएतांनी अख्ख्या कुटुंबाला सैबेरियात हद्दपार केलं, वडील तिकडेच वारले, बर्फाच्या चकाकीने ह्याचे डोळे बिघडले, तो काळा चष्मा त्यामुळेच. आणि पोरगा पुढे त्याच सोव्हिएतांनी उभारलेल्या पोलिश सैन्यात भरती झाला! ह्याचं मला आजही नीट उत्तर सापडत नाही.

१९८१ मध्ये फेब्रुवारीत पंतप्रधान, ऑक्टोबरमध्ये पार्टीचा प्रमुख, आणि संरक्षण खातं पण स्वतःकडेच. समोर सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना, सभासद कोटीच्या घरात. १३ डिसेंबर, रविवार, मार्शल लॉ लागला: लोक उठले तर फोन बंद, रस्त्यावर रणगाडे, टीव्हीवर जनरलचं भाषण. संघटनेचा नेता लेक वावेंसासकट हजारो जण स्थानबद्ध. वुयेक कोळसा खाणीत पोलिसांच्या गोळीबारात नऊ कामगार मेले. मार्शल लॉ पूर्ण उठला १९८३ च्या जुलैत.

सोलापुरात ब्रिटिशांनी १२ मे १९३० ला लावलेला जूनअखेर संपला होता, आणि आपल्या चार हुतात्म्यांना त्यानंतर येरवड्यात १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली. पण ते परकं सरकार होतं. इथे कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्यांनीच कामगारांना आत टाकलं, तुमच्या मित्राला तेच खटकलं असणार.

यारुझेल्स्की शेवटपर्यंत म्हणत राहिला की मी केलं नसतं तर सोव्हिएत फौजा आल्या असत्या. बऱ्याच पोलिश लोकांना हे पटतं पण. मला नाही पटत, कारण १० डिसेंबर १९८१ च्या मॉस्कोतल्या पॉलिटब्युरोच्या (सोव्हिएत पार्टीच्या सर्वोच्च समितीच्या) बैठकीची नोंद आता उपलब्ध आहे आणि त्यात सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबीचा प्रमुख आंद्रोपोव्ह स्पष्ट सांगतो की पोलंडमध्ये फौजा पाठवायच्या नाहीत, देश सॉलिडॅरिटीच्या हातात गेला तरी. अर्थात ते बंद दाराआडचं बोलणं वॉर्सात किती पोचलं होतं हा वाद आहेच.

पण १९८९ चं श्रेय पण त्याला द्यावं लागेल. सॉलिडॅरिटीबरोबर गोलमेज चर्चा झाली, जूनच्या निवडणुकीत सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा त्यांनी घेतल्या, आणि हा जनरल निकाल मान्य करून बसला. जुलैत संसदेने त्याला राष्ट्राध्यक्ष केलं ते लागणाऱ्या बहुमतापेक्षा जेमतेम एक मत जास्त मिळून, आणि पुढच्या वर्षी त्याची जागा वावेंसाने घेतली.

शिक्षा म्हणाल तर नाही झाली. १९७० च्या गोळीबाराचा आणि मार्शल लॉचा असे दोन्ही खटले वर्षानुवर्षं चालले, मग तब्येतीमुळे थांबले, आणि २५ मे २०१४ ला तो गेला. त्याचा गृहमंत्री किश्चाक, तोही जनरलच, त्याला २०१२ मध्ये दोन वर्षांची शिक्षा सुनावली, ती पण स्थगित, म्हणजे तुरुंगात गेलाच नाही.