कोल्हापूर ते तिरुपती विमानानं किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो? वयस्कर आईवडिलांना न्यायचं आहे.

सरळ रेषेत मोजलं तर उजळाईवाडीच्या विमानतळापासून रेणिगुंट्याच्या विमानतळापर्यंत साधारण ६५५ किलोमीटर. रस्त्यानं हेच साडेआठशेच्या आसपास जातं. थेट जाणारं एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, दीड ते पावणेदोन तासांत उतरतं.

पण तुम्ही आईवडिलांना नेणार आहात, तर तेवढ्या आकड्यावर बेत आखू नका. मी आईला घेऊन गेलो तेव्हा सगळा हिशेब घराच्या उंबऱ्यापासून केला होता. मंगळवार पेठेतून उजळाईवाडीला अर्धा तास. उड्डाणाआधी दीड-दोन तास तिथं पोचायचं. उतरल्यावर सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास. विमानतळापासून तिरुपती गाव आणखी पंधरा किलोमीटर आणि तिथून तिरुमलाचा घाट वीस-बावीस किलोमीटर. डोंगराच्या पायथ्याशी अलिपिरीला सगळं सामान तपासतात, तिथं रांग असते. म्हणजे घरातून निघून डोंगरावर पोचेपर्यंत साडेपाच-सहा तास धरा. दर्शनाची वेळ शक्यतो दुसऱ्या दिवशीचीच घ्या. त्याच दिवशीची घेतली आणि विमानाला उशीर झाला, तर म्हातारी माणसं उगाच धास्तावतात.

थेट विमान रोज असेलच असं नाही, वेळापत्रक बदलत राहतं. त्या दिवशी नसेल तर हैदराबादमार्गे जा. कोल्हापूर-हैदराबाद साधारण ४४५ किलोमीटर, तिथून तिरुपती ४२०. बेरीज रस्त्याएवढीच होते, आणि मधला थांबा धरून घर ते डोंगर आठ-दहा तास लागतात. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही.

रेल्वेची हरिप्रिया एक्स्प्रेस कोल्हापुरातूनच सुटते. मिरज, बेळगाव, हुबळी, गुंतकल करत तिरुपतीला जायला वीस तासांच्या वर लागतात. आईनं पूर्वी कितीतरी वेळा तीच गाडी धरली. गुडघे धड असते तर मीही तिला रेल्वेनंच नेलं असतं, कारण डब्यात पाय पसरून झोपता येतं आणि भाकरी-चटणीचा डबा मांडीवर उघडता येतो. आता मात्र विमानच सोपं. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. एटीआरची शिडीही चार-सहा पायऱ्यांचीच असते, माझी आई माझा हात धरून चढली.

परतीचं विमान सकाळचं मिळालं तर बघा. आपल्याकडं तिरुपतीहून आल्यावर अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी झाली असं मानत नाहीत. नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो, ते नातं आईच्या पिढीला फार जवळचं आहे. आम्ही दुपारी उतरलो, तर आई म्हणाली, "आधी देवळात, मग घरी." रिक्षा तिकडंच वळवली.