वाचकांचे प्रश्न : अबोला धरलेल्या भावाकडे जायचं कसं?

प्रश्न : मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) ‘एकमेकांना शांती द्या’ म्हणतात तेव्हा मागच्याच बाकावर माझे थोरले भाऊ असतात. वाडीच्या वाटणीवरून तीन वर्षं आमचा अबोला आहे. सामाईक विहिरीच्या पंपाचं माझ्या वाट्याचं वीजबिल मी थकवलंय, हेही खरं. हात जोडले तर ढोंग वाटतं, नाही जोडले तर ख्रिस्तप्रसाद घ्यायला पाय उचलत नाहीत. (वसई तालुका)

उत्तर : हात जोडा. ते ढोंग नाही. मात्र तेवढ्याने समेट झाला असंही नाही. आपल्याकडे शांती देताना चुंबनाऐवजी हात जोडण्याची मोकळीक १९६९ मध्ये मिळाली. विधी त्याहून फार जुना. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाच्या वर्णनात भाकर आणि प्याला पुढे आणण्याआधी लोक एकमेकांना शांती देतात. आधी भाऊ, मग वेदी, हा क्रम बायबलमधल्या मत्तय ५:२३-२४ मधलाच आहे.

ती दोन वचनं नीट वाचा. ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर’ असं तिथे म्हटलेलं नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर जा, असं आहे. मत्तय १८:१५ मध्ये उलट परिस्थिती आहे, तिथे चूक भावाची आहे. तिथेही उठून जायचं ते तुम्हीच. ‘चूक त्याची, त्याने यावं’ या वाक्याला दोन्हीकडे जागा नाही. तुमच्याकडे तर दोन्ही प्रकरणं आहेत : वाटणीत तुमचं म्हणणं भावाविरुद्ध, बिलात भावाचं म्हणणं तुमच्याविरुद्ध. सुरुवात बिलापासून करा.

जुनी बिलं काढून आपला वाटा मोजा. लेवीय ६:५ प्रमाणे आपली चूक कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा असतो. ९,००० रुपये निघाले तर १०,८०० पाकिटात घाला. (येशूला भेटलेल्या जक्कया या जकातदाराने चौपट देऊ केलं, ते त्याने आपणहून. तुम्हाला तेवढी सक्ती नाही.) हिब्रूत ‘शालोम’ आणि भरपाई करणं हे शब्द एकाच धातूचे आहेत. पैसे थकवून नुसतं ‘शांती असो’ म्हटलं की ते पोकळ का वाटतं, हे त्यावरून कळेल.

फोनवर एवढंच विचारा : “दादा, संध्याकाळी दहा मिनिटं येऊ का?” व्हॉट्सअॅपवर कारण लिहू नका, तो मजकूर रात्रीपर्यंत सगळ्या आळीत फिरतो. सणाचा दिवस, दारूची बैठक आणि मिस्सानंतरचं देवळाचं आवार टाळा. चारचौघांत कोणालाच नमतं घेता येत नाही. जायचं त्यांच्या घरी, आणि एकट्याने. बायको-मुलं सोबत नेली की ते शक्तिप्रदर्शन दिसतं. म्हणायचं असं : “दादा, पंपाच्या बिलात माझा वाटा मी थकवला. चूक माझी. हे पैसे.” इथे थांबा. पुढे ‘पण’ आला की माफी बाद झाली.

वाटणीचा विषय त्या दिवशी काढू नका, त्यांनी काढला तरी “त्यासाठी वेगळा येईन” म्हणा. दोन्ही एकत्र आलं की पाकीट म्हणजे सौद्याची पहिली बोली वाटते. बहुतेक समेट इथेच फसतात.

वाटणीसाठी दुसऱ्यांदा जाताना, एकट्याने बोलून जमलं नाही तरच एक-दोघांना सोबत घ्या. हे साक्षीदार झालेल्या बोलण्याचे असतात, तुमचे वकील नव्हेत. म्हणून मेहुण्याला नेऊ नका. दोघांनाही चालेल असा माणूस शोधा, सातबारा आणि नकाशा समोर ठेवा. तिथेही अडलं तर धर्मग्रामाचे फादर. जमलं तर त्याच आठवड्यात कागद करा : शेतजमीन असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटपाचा अर्ज करता येतो. तोंडी समेट तलाठ्याच्या दप्तरात दिसत नाही, आणि पुढची पिढी पुन्हा भांडते.

त्यांनी दार लावून घेतलं तर? रोमकरांस १२:१८ मध्ये पौल ‘तुमच्याकडून होईल तितकं’ म्हणतो, त्याहून जास्त नाही. लूक १०:६ प्रमाणे शांती स्वीकारणारा कोणी नसेल तर ती तुमच्याकडे परत येते. पाकीट वहिनींच्या हाती द्या आणि निघा. दर आठवड्याला जाऊन विनवण्या करू नका.

प्रश्न : प्रार्थना करून उठते आणि दहा मिनिटांत मुलांवर खेकसते. शांत स्वभाव मागूनही मिळत नाही. (अहिल्यानगर)

उत्तर : सगळा स्वभाव एकदम बदलायला घेऊ नका. एकच दोष घ्या, आणि तो जिथे हमखास घडतो ती वेळ हेरा. बहुधा शाळेच्या तयारीचा सकाळचा तास. सोळाव्या शतकात कॅथलिक संत इग्नेशियस यांनी घालून दिलेली पद्धत प्रोटेस्टंट घरातही चालते. आवाज चढला की तिथल्या तिथे हात छातीवर ठेवायचा, कोणाच्या लक्षातही येत नाही. वहीत रोज दोन रेघा : दुपारी एकीवर, रात्री दुसरीवर, जितक्यांदा घडलं तितके ठिपके. मग रात्रीची रेघ दुपारच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. सुरुवातीला ठिपके वाढलेले दिसले तर घाबरू नका. पूर्वी जे सुटत होतं ते आता लक्षात येतंय, एवढंच. वही कोणाला दाखवू नका.

मुलाची माफी मागताना ‘तू ऐकत नाहीस म्हणून’ हे शेपूट जोडू नका. “सकाळी मी ओरडले, ते चुकलं,” आणि तेही सूर्य मावळायच्या आत (इफिसकरांस ४:२६).

प्रश्न : नवरा मारतो. चर्चच्या मंडळीतले लोक ‘शांती करणारी हो’ म्हणतात. (पुणे)

उत्तर : ते चुकीचं सांगतात. एकट्याने जाऊन बोलण्याचा नियम (मत्तय १८:१५) मार खाणाऱ्यासाठी नाही. नासरेथच्या लोकांनी कड्यावरून ढकलायला नेलं तेव्हा येशू त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:२९-३०), दिमिष्कात (दमास्कसमध्ये) पौलाचा जीव वाचवायला त्याला पाटीतून तटाखाली उतरवलं. कॅथलिक चर्चच्या कायद्याचं (कॅनन लॉ) कलम ११५३ गंभीर धोका असेल तर जोडीदारापासून वेगळं होऊ देतं, उशीर धोक्याचा असेल तर परवानगीची वाट न पाहता.

मार चालू असताना पाळकांसमोर (पास्टरांसमोर) दोघांनी एकत्र बसू नका; तिथे तुम्ही जे बोलाल त्याचा हिशेब घरी चुकता होतो. जखम सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२. आधारकार्ड, मुलांचे दाखले आणि थोडी रोकड आजच विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवा.